एक स्वर जास्त

आबांच्या गुडघ्याने संप पुकारला होता आणि आबा बोलणी करायला तयार नव्हते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. त्यानंतर बरेच महिने पेडल स्टील गिटारवर बसायचं नाही, असंही बजावलं होतं. ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांना वाटेल, गिटारचा नि गुडघ्याचा काय संबंध? पण ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत. ती टेबलासारखी पायांवर उभी असते. एका हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, खाली पावलांनी पेडल दाबायची आणि गुडघ्यांनी दांडे ढकलायचे. वाजवणारा वरून ध्यानाला बसल्यासारखा दिसतो आणि टेबलाखाली त्याची सायकल चाललेली असते.

आबा दिवसभर आपल्या दुकानात किल्ल्या बनवत. शनिवारी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये नाच असे आणि तिथल्या बँडमधलं स्टूल आबांचं. ड्रम वाजवणारा बँडप्रमुख म्हणे, "आबा, ऑपरेशन उरकून घ्या. तोवर मी कुणालातरी बसवतो." या 'कुणालातरी'वर आबांचा जीव जळे. एकदा दुसऱ्याचं बूड त्या स्टुलावर टेकलं आणि लोकांना आवडलं, की आपल्याला परत कोण विचारणार? या भीतीने त्यांना जेवण गोड लागत नसे. म्हणून ते लंगडत जात आणि कुणी विचारलं, तर गुडघा उत्तम आहे म्हणून ठोकून देत.

त्यांचा सगळा रुबाब एका हरकतीवर होता. वरच्या स्वरापासून निघायचं, शुद्ध-कोमल एकही न गाळता जिना उतरल्यासारखं पायरी पायरीने खाली यायचं. मग सरळ घरच्या स्वरात, म्हणजे 'सा'मध्ये, न शिरता आधी त्याच्याही खालच्या पायरीला पाय लावायचा आणि मग घरात. त्याच क्षणी ड्रमचा ठोका. लोक नाचायचे थांबून टाळ्या वाजवत. शेवटचं ते खाली डोकावणं ही तर आबांच्या मते साऱ्या हरकतीची जान होती. तरुणपणी एका म्हाताऱ्या वादकाच्या कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला गेले असताना त्यांनी ती चोरली होती. कुलूप तासाभराचं, पण आबांनी ते अनेक दिवस पुरवलं.

"मला कुणी शिकवलं नाही. कानाने उचलली," असं ते येईल त्याला ऐकवत. सुनेने ते इतक्यांदा ऐकलं होतं, की शेवटी तिने मनावर घेतलं.

आबांना पहिला संशय आला तो पेडलांच्या फटीत सापडलेल्या निळ्या दोऱ्यामुळे. सून गणवेश शिवण्याच्या कारखान्यात होती. तिच्या अंगावरचे निळे दोरे घरभर सापडत, पण पेडलांच्या फटीत त्यांचं काय काम? दुसऱ्या दिवशी आबा दुकान लवकर बंद करून आले आणि जिन्यातच थबकले. आतून त्यांची हरकत येत होती. हळू, अडखळत, पण त्यांचीच. कारखान्यातल्या शिलाई मशीनलाही गुडघ्याने ढकलायचा दांडा असतो, त्यामुळे जे शिकायला आबांची दोन वर्षं गेली होती ते या बाईच्या पायांना आधीच येत होतं.

आबांच्या डोक्यात तिडीक गेली. आपल्याच घरात, आपल्याच वाद्यावर चोरी! आणि रंगेहाथ पकडावं तर ती म्हणणार, 'आबा, तुम्हीच नाही का सांगत, कानाने उचलावी म्हणून?' मग बोलायला तोंड कुठे राहतं? ते पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या मनात एक नामी कल्पना आली आणि दुखरा गुडघासुद्धा हलका झाला.

त्या संध्याकाळपासून आबा रियाजाला दार उघडं ठेवून बसू लागले. सून शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घाली. एक सदरा घडी करायला तिला हल्ली फार वेळ लागे. आबांनी हरकत वाजवायला घेतली आणि मध्यावर एक पायरी गुपचूप दोनदा वाजवली. चेहरा असा, की जणू ते त्या गावचेच नाहीत. सगळेच स्वर एकमेकांना खेटून उभे असताना त्यात एखादा घुसला, तर कोणाला कळणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यातून ऐकलं. सुनेने ती पायरी इमानेइतबारे दोनदा वाजवली. आबांनी टोपी काढून तोंडात कोंबली आणि पोट दुखेपर्यंत हसले.

"अहो, जिन्यात बसून टोपी काय खाताय?" भाजी घेऊन येणाऱ्या त्यांच्या बायकोने विचारलं. "घरात जेवायला मिळत नाही का?"

"गुडघा दुखतोय गं," आबा म्हणाले. तो दुखतोय असं त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं होतं, त्यामुळे ती आणखीच काळजीत पडली.

इथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण आबांना चटक लागली. आज मध्यावर जादा स्वर, उद्या वर, परवा दोन. शेवटी कुठल्या दिवशी कुठे काय घुसडलं, हे त्यांचं त्यांनाच आठवेना. वाजवता वाजवता ते गालातल्या गालात हसत.

मग एका सकाळी चहाच्या वेळी सूनच म्हणाली, "आबा, तुमचं ऑपरेशन होईपर्यंत मी बसू का बँडमध्ये? थोडंफार येतं मला."

"तिला बसू द्या," बायकोने लगेच री ओढली. "मुलगा फिरतीवर, तुम्ही असे लंगडे. घरची जागा घरात तरी राहील."

आता भडका उडणार म्हणून दोघी तयारीत होत्या. आबांनी बशी खाली ठेवली आणि मायेने म्हणाले, "बसू दे की. शनिवारी दुपारी तालमीला ये, सूनबाई. बँडप्रमुखाला ऐकव. माझी हरकतच ऐकव."

बायको सुनेला म्हणाली, "ताप आहे का बघ गं यांना."

शनिवारी आबा हॉलमध्ये पहिल्या रांगेत, बायकोच्या शेजारी, खुर्ची टाकून बसले. सून स्टुलावर बसली, कांडी पुसली, पावलं पेडलांवर टेकवली. आबांनी टोपी हाताशीच ठेवली होती. बँडप्रमुखाने ताल धरला, गाणं फिरून फिरून हरकतीच्या जागेवर आलं आणि सून वरून उतरू लागली. एक एक पायरी, स्वच्छ. मध्यावर दोनदा नाही, वर काही नाही. आबा पुढे सरकले. तळाशी आल्यावर ती खाली न डोकावता सरळ घरात शिरली. ड्रमचा ठोका मागून, एकटाच, धप्प करून पडला. सगळे थांबले.

"चुकली!" आबा ओरडले. इतक्या आनंदाने, की बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"नाही चुकले, आबा," सून शांतपणे म्हणाली. "तुम्ही रोज वेगळीच वाजवायला लागलात. आधी वाटलं, वयामुळे विसरताय. पण विसरणारा माणूस इतका खूष नसतो. म्हणून मी तुम्ही सांगता त्या म्हाताऱ्या वादकाची मूळ रेकॉर्ड शोधली आणि कारखान्यात कानाला लावून अर्ध्या वेगाने रोज ऐकली. तुम्ही माझ्यासाठी घातलेले सगळे स्वर गाळले. पण एक उरला. तो तर तुम्ही शनिवारीसुद्धा वाजवता, आणि रेकॉर्डमध्ये तो नाहीच."

तिने फोनवर ती रेकॉर्ड लावली. हरकत संथपणे हॉलभर उतरली आणि थेट घरात शिरली. बँडप्रमुखाने पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा तेच.

"आबा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ते खाली डोकावणं नाहीये यात."

आबांना तो म्हातारा आठवला. पाठमोरा बसून वाजवायचा. प्रत्येक वेळी ती हरकत संपली की उठून आतल्या खोलीत जायचा आणि आतून ठसका ऐकू यायचा. बिचाऱ्याला खोकला आहे, असं आबांना वाटे. त्यांनी त्याला दोन वेळा औषधही नेऊन दिलं होतं. ते त्याने कुठल्या तोंडाने घेतलं असेल?

कान लाल होणं म्हणजे काय, हे आबांना त्या दुपारी कळलं. उभा जन्म जिच्या जोरावर मिरवलं, ती चोरून ऐकणाऱ्याची एका म्हाताऱ्याने केलेली थट्टा! त्यांना रडू येईल असं वाटलं. पण घशातून निघालं ते हसू, आणि एकदा सुटल्यावर ते आवरेना. टोपी खाली पडली. बँडप्रमुखही हसायला लागला. आबांची बायको तेवढी विचारत राहिली, "अहो, झालं काय ते कुणी सांगेल का?"

"मग आता कुठली ठेवायची?" डोळे पुसत बँडप्रमुख म्हणाला. "माझा हात त्या जादा स्वराला बसलाय. लोकांचे पायसुद्धा."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. रेकॉर्डमधली सुनेला येत होती. खाली डोकावणारी मात्र ती आबांशिवाय कोणाकडून घेणार? आबा उठले, खुर्ची ओढत वाद्याजवळ नेली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी शिकवायला बसले. "कांडी उचलू नकोस. डावा गुडघा आत घे. बघ, स्वर आपोआप खाली पडतो. आता सोड." सुनेने केलं. ड्रमचा ठोका नेमका पडला. तिच्या तोंडावर जे उमटलं ते पाहून आबांना आपलं स्टूल गेल्याचं वाईट वाटलं आणि ते तिच्याकडे गेल्याचं बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

"डॉक्टरांना कळव," ते बायकोला म्हणाले, "सोमवारी येतो म्हणावं."

सून खाली मान घालून पुन्हा पुन्हा तेच वाजवत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "आबा, उद्या कुणी दाराआड उभं राहून चोरून ऐकतंय असं वाटलं, तर?"

आबांनी आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"तर दोन वाढव."