वऱ्हाडाच्या ट्रकातला श्वासाचा फुगा

मी श्वासाचा फुगा बोलतोय. हसू नका. जत्रेतल्या फुग्यात वारा भरून गाठ मारतात. माझ्यात वारा आपोआप भरतो आणि मला दाबलं की दुसऱ्याच्या छातीत जातो. माझ्या एका टोकाला नाकातोंडावर घट्ट बसणारी रबरी वाटी आहे. ज्याचा श्वास अडला, त्याच्या वतीने थोडा वेळ मी श्वास घेतो.

मुंबईतल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी सांगलीला आलो, विष्णुपंतांकडे. ते विश्रामबागेत राहायचे आणि दवाखान्यांना उपकरणं विकायचे. मला पिशवीत घालून ते एस.टी.ने कराड, इस्लामपूर, तासगाव असे हिंडायचे. डॉक्टर मला हातात घेत, चार वेळा दाबत आणि म्हणत, "वस्तू छान आहे. पुढच्या महिन्यात बघू."

माणसाच्या हातात मऊ वस्तू दिली की तो ती दाबतोच. एका कंपाउंडरने माझा वारा झोपलेल्या शिपायाच्या कानात सोडला. एका डॉक्टरांच्या मुलांनी मला मोटारीचा भोंगा केला. पण छातीत श्वास भरायला मला कुणीच दाबलं नव्हतं. खुद्द विष्णुपंतांनीही नाही!

एके सकाळी तासगावच्या पुढे एस.टी. बंद पडली. मागून वऱ्हाडाचा ट्रक आला.

"पावनं, सांगलीला निगालाय व्हय? चढा की!" असं म्हणून नवरदेवाच्या मावशीने, रंगूबाईने, विष्णुपंतांना वर ओढलंच. ट्रकात तिचं राज्य होतं. कोण कुठे बसेल, वाजंत्री कधी वाजेल, सगळं ती ठरवी. फक्त भावजय चंद्राबाईशी ती बोलत नसे. मागच्या एका लग्नात साडीच्या मानपानावरून दोघींचं बिनसलं होतं. तेव्हापासून शेजारी बसूनही निरोप रंगूबाईच्या भावाकरवी, दादासोकरवी, जात.

"दादासो, तुज्या बायकूला सांग, पाय आवर म्हनावं."

"आवं, तुमच्या भैनीला सांगा, ट्रक समद्यांचा हाय."

न्याहारीला ट्रक उसाच्या शेताकडेला थांबला. रंगूबाई बांधावर गेली आणि ओरडत परत आली. पायाला नाग डसला होता. औषध सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात मिळणार होतं. ट्रक सुसाट निघाला, पण पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग! बघता बघता रंगूबाईच्या पापण्या मिटल्या, जीभ जड झाली, आणि छाती हलेनाशी झाली.

"आक्का गेली!" दादासोने हंबरडा फोडला.

"गेल्या नाहीत! नाडी चालू आहे. श्वास तेवढा अडलाय," विष्णुपंत ओरडले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. त्यांनी तिची मान मागे केली, वाटी तोंडावर धरली आणि मला दाबलं. रंगूबाईची छाती वर आली! मला असा आनंद झाला की काय सांगू!

पण घाबरून ते मला भराभरा दाबू लागले. "सावकाश, सावकाश," असं स्वतःलाच सांगत होते, तरी हात ऐकेना. तेव्हा हलगीवाल्या जोतिबाने संथ ठेका धरला. एक थाप, एकदा दाबणं. जमलं!

विष्णुपंतांचा हात भरून आला, तर दादासो पुढे सरसावला. "भावाचा मान पयला!"

"मावशी माझी हाय!" मुंडावळ्या सावरत नवरदेव म्हणाला.

"दाबा रं कुनीतरी!" चंद्राबाई कडाडली आणि तिनेच मला ओढून घेतलं. दादासो रडत म्हणाला, "आक्का, तू ऊठ. शपथ घेतो, तुज्यापुढं पुन्यांदा तोंड उगडणार न्हाई!" चंद्राबाई मला दाबता दाबता हळूच पुटपुटली, "वन्सं, उठा. मी भांडू कुनाशी?"

वाटेत एका गावात बाजार होता. हलगी ऐकून लोकांना वाटलं, वरात आली. फेटेवाला एक म्हातारा ट्रकापुढे नाचायलाच लागला! ड्रायव्हर हॉर्न देई, तसा तो आणखी रंगात येई. शेवटी पोरांनी त्याला उचलून बाजूला ठेवलं.

दवाखान्यात औषध लागू पडलं. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं आणि वऱ्हाड अक्षता घेऊन खाटेभोवती जमलं. दुसऱ्या दिवशी रंगूबाईने डोळे उघडले. नागाच्या विषाने तिचं अंग लुळं पडलं होतं, कान नव्हे. तिने सगळं ऐकलं होतं!

"आक्का!" दादासो धावला.

"गप. शपथ घेतलीस न्हवं?" मग ती मान वळवून थेट चंद्राबाईला म्हणाली, "चंद्रे, तुजा हात लय जड हाय गं." दोघी हसता हसता रडल्या.

वऱ्हाडाच्या गावाने विष्णुपंतांकडून मला विकत घेतलं. पण दादासोने मला देवघरात बसवलं! खंडेनवमीला मला हळदकुंकू, झेंडू आणि नारळ. तेलाच्या दिव्याने माझं रबर चिकट होऊ लागलं. गावात पुन्हा कुणाचा श्वास अडला असता, तर मी झेंडूखाली बसून बघत राहिलो असतो.

रंगूबाईने ते पाहिलं मात्र, कमरेवर हात ठेवले. "देवाला कवा दम लागतोय रं? काढ भायेर!" शपथेने बांधलेल्या दादासोने मला मुकाट देवघरातून बाहेर काढलं.

आता मी गावच्या दवाखान्यात दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या पोटावर दोन ठिगळं आहेत. दर बाजाराच्या दिवशी रंगूबाई स्वतःच आडवी होते, माझी वाटी तोंडाजवळ धरते आणि बायकांना दाबायला शिकवते. चुकलं की पडल्या पडल्याच ओरडते. शिकवायला चंद्राबाईही असते. कुणाचं बरोबर, यावर दोघींचं भांडण ठरलेलंच.

तुम्ही कधी आलात, तर मलाही दाबून बघा. नमस्कार करू नका. जोडलेल्या हातांनी मला दाबता येत नाही.