पायाकडची कड

धाकटीला तिच्या कामाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा कुणी नीट प्रश्न विचारले असतील, तर ते तिच्या थोरल्या बहिणीने. अकरा वर्षं ती एका मोठ्या हॉटेलात दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या आवरत होती, पण घरात तो विषय निघाला की ताई चटकन चहा टाकायला उठायची. नात्यागोत्यात तिने सांगून ठेवलं होतं की आमची धाकटी 'हॉटेल लाइनमध्ये' आहे. हॉटेल लाइनमध्ये म्हणजे काय, तर रोजच्या चौदा खोल्या, छप्पन्न उशा आणि परक्यांनी बेसिनमध्ये सोडलेले केस. धाकटीला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. ताईला लाज वाटते तर वाटू दे, म्हणायची, तिचा स्वभावच तसा आहे.

गाव डोंगरातलं. खिडकी उघडली की समोर शिखर, आणि शिखर दिसतं म्हणून खिडकीला भाव. डोंगर देवाने फुकट दिला, त्याच्याकडे बघायचे पैसे माणसांनी लावले. गावातल्या ज्या ज्या घराला अशी खिडकी होती त्याच्या हळूहळू पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, आणि त्या पाहुण्यांचे कप विसळणारी, बॅगा उचलणारी, चादरी बदलणारी माणसं एकेक करून खाली दरीत राहायला गेली. धाकटी आणि तिचा नवरा मात्र एका लॉन्ड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत तग धरून होते. नवरा रोपवेवर कामाला, दिवसभर जड बूट घालून उभा. त्यांच्याही घराला खिडकी होती, पण ती उघडली की लॉन्ड्रीची वाफ आत यायची. अशा खिडकीवर कुणाचा डोळा नाही, याची त्यांना एवढी वर्षं खात्री होती.

खात्री फुकट गेली. मालकाने आख्खी इमारत विकली आणि हंगाम सुरू व्हायच्या आत खोल्या सोडा म्हणून सांगितलं. गावात दुसरं घर बघायला दोघं आठ दिवस हिंडले. जे परवडत होतं ते घर म्हणण्यासारखं नव्हतं, आणि जे घर होतं त्याच्या भाड्यात दोघांचे पगार गेले असते. राहता राहिली दरी. तिथून वर येणारी पहिली बस साडेसहाला सुटायची आणि धाकटीची ड्युटी सहाला लागायची. रोपवे नऊला उघडतो, नवऱ्याचं भागलं असतं. तिचं मात्र घर गेलं की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

तेव्हा ताई म्हणाली, "वरचा मजला रिकामाच पडलाय. डागडुजी झाली की या राहायला. आपलंच घर आहे."

'आपलं' हा शब्द मोठा लबाड. बोलणारा स्वतःपुरताच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यालाही त्यात धरलंय.

घर बाबांचं होतं. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा शेवटची चार वर्षं ताईने त्यांचं हागणंमुतणं काढलं, आणि हे धाकटी कधी विसरली नाही. म्हणून तर बाबांच्या मागे ताईने कागद पुढे केला तेव्हा तिने तो न वाचता सही केली आणि आपला हिस्सा सोडला. नवरा त्या वेळी कुरकुरला होता. बहिणीबहिणींत कसला आलाय कागद, असं म्हणून तिने त्याला गप्प केलं होतं. आता तिने त्याला त्याचीच आठवण करून दिली. बघा, म्हणाली, शेवटी आपलं माणूसच धावून आलं की नाही?

मग दहा आठवडे दोघांनी आपली हक्काची सुट्टी त्या वरच्या मजल्यावर घातली. तिने भिंती खरवडल्या, रंग दिला. नवऱ्याने न्हाणीघरात फरशा बसवल्या. भावोजी खुर्ची टाकून देखरेखीला बसायचे. त्यांचं काम म्हणजे मधूनमधून "जरा डावीकडे" म्हणणं. खिडकीला नवी काच बसली त्या दिवशी शिखर असं लख्ख दिसलं की धाकटी हातातला काच पुसायचा बोळा तसाच धरून उभी राहिली. रोज दुसऱ्यांसाठी ज्या खिडक्यांचे पडदे ती उघडायची, तसली एक आता तिची होणार होती.

आणि याच दिवसांत ताई तिला प्रश्न विचारायला लागली. तुमच्याकडे एका माणसाला टॉवेल किती देतात? चादरी पांढऱ्याच का? धाकटी फुलली. पांढऱ्या अशासाठी, तिने सांगितलं, की त्या उकळत्या पाण्यात टाकता येतात आणि माणसाला डाग दिसला नाही की तो निर्धास्त झोपतो. हँगर किती? पाच. सहावा ठेवला की पाहुणा तो घेऊन जातो. खोली रिकामी कधी करायची, तयार कधी करायची? अकराला रिकामी, दोनला तयार, मधले तीन तास आमचे. कोपऱ्याला पाकिटासारखी घडी कशी घालतात, ते तिने ताईच्या हातात हात घेऊन शिकवलं. लहानपणी ताईने तिला वेणी घालायला शिकवली होती, त्यानंतर दोघींचे हात असे एकत्र आले नव्हते. अकरा वर्षांनी माझ्या कामाला किंमत आली, असं ती त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने एकदा विचारलं, "आपण दोघं, कपडे ढीगभर, आणि कपाटात हँगर पाचच कसे?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आजवरच्या घरमालकांनी त्याचं तोंड चांगलंच पोळलेलं, असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. नवा पलंगही ताईने स्वतःच्या पैशाने आणला होता. लग्नात द्यायचं राहून गेलेलं आता देतेय, असं धाकटीने मनाशी ठरवूनही टाकलं. माणसाला जे हवं असतं त्याला पुरावे लागत नाहीत.

शेवटच्या सुट्टीला काम संपलं. ताई खाली गेल्यावर धाकटीने एकटीने पलंगावर नवी चादर घातली. हॉटेलात चादर चारी बाजूंनी घट्ट खोचतात. पण नवऱ्याचे तळवे दिवसभर बुटात उकडून रात्री पेटल्यासारखे व्हायचे, पाय जखडले की त्याला झोप यायची नाही. म्हणून घरी ती पायाकडची भिंतीलगतची कड मोकळी ठेवायची. इथेही तिने ती तशीच मोकळी ठेवली, उशा थोपटल्या आणि खाली आली. आठ दिवसांनी सामान आणायचं ठरलं होतं.

चादर घातली त्याच्या चौथ्या दिवशी हॉटेलात जेवणाच्या सुट्टीत रिसेप्शनवरची बाई फोन घेऊन तक्रार करत बसली होती. गावात ऊठसूट कुणीही खोल्या देतो, म्हणाली, आणि आपल्या हॉटेलचे पाहुणे पळवतो. ही बघा आणखी एक नवी. तिने फोन धाकटीपुढे धरला.

पांढरी चादर, दोन उशा, मागे खिडकी, खिडकीत शिखर. अशा हजार खोल्या असतात. धाकटीने खोली ओळखलीच नाही. तिची नजर गेली ती पलंगाच्या पायाकडे, भिंतीलगतची कड मोकळी होती तिथे. कसली ही आवरणारी, असं तिच्या तोंडावर आलं होतं. मग ती कड तिने ओळखली आणि घास परत डब्यात ठेवला.

खाली लिहिलं होतं, 'घरगुती ऊब. वडिलांची जुनी खोली, प्रेमाने सजवलेली.' हंगामाच्या पहिल्या दिवसापासून पुढचे पाच आठवडे भरले होते.

ड्युटी संपल्यावर ती तशीच ताईकडे गेली. ताई ओट्याशी होती. भावोजी तिला बघताच बल्ब बदलायचा म्हणून बाहेर गेले, आणि बल्ब न घेताच गेले.

"मी सांगणारच होते तुला," ताई म्हणाली.

ताई बोलतच राहिली. छपराचं कर्ज होतं. मुलाचं शिक्षण होतं. शेजारच्यांनी तीन वर्षांत गाडी घेतली होती. राहायला या म्हटलं ते मनापासूनच म्हटलं होतं, शपथ घेऊन सांगते, असंही ती म्हणाली.

"पण तू ते टॉवेलांचं, चादरींचं इतकं छान सांगत गेलीस ना, तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हे तर आपल्यालाही जमेल. आणि तूच सांग, तुझ्याकडून भाडं घ्यायला माझा हात धजला असता का? आणि फुकट ठेवणं मला परवडत नाही."

म्हणजे बहीण होती म्हणूनच तिला घर नव्हतं. परकी असती तर निदान भाडं तरी सांगितलं असतं. धाकटीला वाटलं, आपण ओरडावं, ओट्यावरचं काहीतरी उचलून आपटावं. पण तिला राग आला होता तो ताईपेक्षा स्वतःचा. आपल्याच हाताने, कौतुकाने, कोपऱ्याच्या घडीसकट सगळं शिकवून ती स्वतःला घराबाहेर काढून मोकळी झाली होती.

"परक्या बाईच्या हातात चावी द्यायला मन होत नाही गं," ताई म्हणाली. "तूच का नाही आवरत खोली? हॉटेलपेक्षा चार पैसे जास्त देईन."

धाकटी निघून आली. घरी नवऱ्याला सांगताना तिला वाटलं, आता हा म्हणणार, मी सांगत होतो. तो तसं म्हणाला नाही. त्याने सामान बांधायला दोरी शोधली आणि बराच वेळ तिची गाठ सोडवत बसला. ते बघून मात्र तिला रडू फुटलं.

ती दोघं दरीत राहायला गेली. हॉटेलच्या मॅनेजरला तिने ड्युटी आठला लावा म्हणून विनवलं. त्याने अकरा वर्षांचं तोंडभर कौतुक केलं आणि गणवेश धुऊन जमा करायला सांगितला. मग तीन आठवडे ती साडेसहाच्या बसने वर यायची आणि काम विचारत फिरायची. बेकरीला माणूस पहाटे हवा होता, खानावळीला रात्री उशिरापर्यंत, आणि खाली जाणारी शेवटची बस सातला. बसच्या वेळेत बसणारं काम आख्ख्या गावात एकच निघालं. अकराला रिकामी, दोनला तयार. ती वेळ तिनेच तर ठरवून दिली होती.

तिने फोन केला तेव्हा ताईला मनापासून आनंद झाला. हे नाकारता येणार नाही, आनंद खरा होता.

पहिल्या दिवशी ताईने दारातच चावी दिली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "एक सांगू? राग मानू नकोस. पाहुण्यांसमोर ताई नको म्हणूस. सख्ख्या बहिणीला राबवते असं वाटतं त्यांना. बरं नाही दिसत."

धाकटीने मान हलवली आणि जिना चढली. पाहुणे निघून गेले होते. न्हाणीघरात नवऱ्याने बसवलेल्या फरशीवर कुणाचे तरी केस होते. कपाटात चार हँगर उरले होते, म्हणजे पाच ठेवूनही एक गेलाच. तिने खिडकी उघडली, शिखराकडे बघितलं नाही, पलंगावरची चादर काढून नवी घातली आणि कोपऱ्यांच्या घड्या घालायला लागली. पायाकडे आल्यावर तिचा हात सवयीने थांबला.

तेवढ्यात ताई फोन बघत वर आली. खोलीत दोघीच होत्या.

"अगं, एका बाईंनी लिहिलंय, सगळं छान, पण फोटोत पायाकडची कड बाहेर आलेली दिसते. त्या दिवशी सुटली वाटतं तुझ्याकडून. आज नीट खोच हं."

धाकटीने एका हाताने गादी उचलली, दुसऱ्या हाताने कड आत सारली आणि वरून तळवा फिरवला. सुरकुती राहिली नाही.

"सुटली नव्हती, मॅडम," ती म्हणाली. "सोडली होती."

कुणी पाहुणा आला की काय म्हणून ताईने चटकन मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.