शिडीला पाठ

पँट धुवायला टाकण्याआधी नवऱ्याचे खिसे तपासायची शिवणवालीला जुनी सवय. रंगाऱ्याचे खिसे ते. आजवर त्यातून खिळे निघाले, घासकागदाचे तुकडे निघाले, एकदा तर ओला ब्रश निघाला. त्या दिवशी निघाली छोटीशी वही. अक्षर त्याचंच, शब्द मात्र भलतेच. ‘फोर्सा : जोर लाव. कुराझें : धीर धर. तू कोंसेगिश : तुला जमेल.’ इथवर तिनं हसून वाचलं. शेवटच्या ओळीनं तळपायाची आग मस्तकात गेली. ‘श्तो कोंतीगू : मी तुझ्यासोबत आहे.’

कोण सोबत आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या कामावर एक पोर्तुगीज बोलणारी रंगारीण आली होती. शिवणवालीनं मनातल्या मनात तिचं नाव फोर्साबाई ठेवून टाकलं.

आता हेवा वाटायला कारण होतं, उगाच नव्हे. आठ महिन्यांपूर्वी रंगारी घरातच पडला होता, हिच्याच शिवणाच्या खोलीचं छत रंगवताना. ही चहा घेऊन दारात आली आणि तिच्या डोळ्यांदेखत तो शिडीवरून खाली आला. पाय जुळला, पण शिडी दिसली की त्याला दरदरून घाम फुटायचा. छत अर्धं पांढरं, अर्धं पिवळं तसंच राहिलं. तिनं काय करायचं बाकी ठेवलं? गोंजारलं, चिडवलं, हातापाया पडली. पठ्ठ्या बल्ब बदलायला स्टुलावर चढेना. आणि ती कालची बाई चार शब्द बोलते काय आणि हा दुमजली भिंतीवर चढतो काय!

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम त्याचा डबा ओट्यावर राहू दिला आणि तो द्यायच्या निमित्तानं कामावर गेली. रंगारी वर नवव्या पायरीवर होता. खाली फोर्साबाई शिडीला पाठ टेकून, रस्त्याकडे तोंड करून उभी, जणू बसची वाट बघतेय. मधूनच मान न वळवता ओरडायची, “फोर्सा!” वरून हा हसायचा. घरी आठ महिन्यांत तो असा हसला नव्हता. ‘धड लक्षसुद्धा नाही त्याच्याकडे,’ शिवणवालीच्या मनात आलं, ‘आणि याला तिचंच कौतुक!’ डबा दाराच्या पायरीवर ठेवून ती तशीच परतली.

मग ती हट्टालाच पेटली. मशीनशेजारी मोबाइल उभा करून ते शब्द ऐकायची. तोंडात टाचण्या, तरी घोकणं चालू. फ्रॉक घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही एकदा तिच्या तोंडून “कुराझें” ऐकावं लागलं. जे त्या बाईला जमतं ते मला का जमू नये? तो चढला तर माझ्या शब्दावर चढला पाहिजे. एवढंच तिला हवं होतं आणि ते हवं असण्याची तिला लाजही वाटत नव्हती.

रविवारी सकाळी तिनं मशीन कोपऱ्यात सरकवलं, शिडी लावली, रंग ढवळला.

“अहो, या. आज छत पुरं करायचं.”

तो आला. शिडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिनं दोन्ही हातांनी शिडी गच्च धरली, मान वर केली आणि म्हणाली, “फोर्सा.”

तो दचकला. मग हसू दाबत एक पायरी चढला. दुसरी. “तू कोंसेगिश!” तिसरी. “श्तो कोंतीगू!” हे जरा जोरातच झालं. त्यानं खाली तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो उतरला.

“तिच्यासाठी चढता,” तिचा बांध फुटला. “मी सगळे शब्द पाठ केले. उच्चारसुद्धा चुकले नाहीत. माझ्यातच काय कमी आहे तेवढं सांगा!”

“अगं, शब्दांचं नाही.” तो खालच्या पायरीवर बसला. “ती बघत नाही वर. आमच्या कामात खालच्यानं वर बघायचंच नसतं, रंग डोळ्यात जातो. पाठ देऊन उभं राहायचं. तू बघतेस. पडताना मला शेवटचं तुझंच घाबरलेलं तोंड दिसलं होतं. आत्ताही तसंच होतं ते.”

तिनं शिडी सोडली. फोर्साबाईनं त्याला चढताना एकदाही पाहिलं नव्हतं. आणि आपल्याला तर आठ महिने तेवढंच पाहायचं होतं.

तिनं आधी कपाटाच्या आरशावर चादर टाकली, त्यात तो दिसू नये म्हणून. शिडीला पाठ टेकली, टाचा घट्ट रोवल्या, समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, “चढा.”

पाठीला एकेक पायरी जाणवत गेली. तिसरी. चौथी. पाचवीला शिडी करकरली आणि तिनं डोळे गच्च मिटले. पाठ केलेले सगळे शब्द कुठच्या कुठे पळाले. पाय थरथरायला लागले, तिचे.

वर तो थांबला. शिडीतून त्याला ते कळलं असावं.

“तू कोंसेगिश,” तो वरून हळूच म्हणाला. “अगं, तुलाच म्हणतोय.”

तिनं वळून पाहिलं नाही. रोलर छताला लागल्याचा आवाज आला, आणि पांढऱ्या रंगाचा एक थेंब तिच्या खांद्यावर पडला. तो तिनं पुसला नाही.