दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

कराडची माझी मैत्रीण लतिका आणि तिचे यजमान दिगंबरराव आमच्याकडे अमेरिकेत पार्सिपनीला आठवडाभर राहायला येणार म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर ठरेनात. मुलाकडे राहायला आल्यापासून मला कुणी 'सरे' म्हणून हाक मारली नव्हती. इथे मी आई, आजी, फार तर सरला आँटी.

माझ्या मुलाने, सुशांतने, तयारीत कसर ठेवली नाही. नवी गादी आणली, वायफायचा पासवर्ड खोलीत चिकटवला. विमानतळावरून घरी येताच विचारलं, "काका, चहा घेणार?"

"नको रे, कशाला त्रास!"

"ओके," म्हणून त्याने स्वतःपुरती कॉफी केली.

दिगंबररावांना उठता-बसता चहा लागतो, हे आमच्या साऱ्या आळीला ठाऊक. मी उठणार, तोच सुनेने, शैलजाने, डोळ्यांनी दटावलं. तिने मला मागेच समजावलं होतं, "आई, इथे कुणाला फोर्स करत नाहीत. नको म्हणाले की विषय संपला." घर तिचं, रीत तिची. मी बसले.

रात्री श्रीखंड-पुरी होती. शैलजाने सगळं ओट्यावर मांडलं आणि "आपापलं घ्या हं" म्हणाली. दोघांनी लाजत दोन-दोन पुऱ्या घेतल्या.

"काकू, आणखी?"

"नको गं, पोट भरलं."

लगेच डब्यांना झाकणं लागली. श्रीखंड फ्रिजमध्ये जाताना दिगंबरराव लेक सासरी निघाल्यासारखे बघत राहिले.

पुढे न्यूयॉर्कला पिझ्झालाही 'नको', मॉलमध्ये आइस्क्रीमलाही 'नको'. सुशांत मला कौतुकाने म्हणाला, "काय कंट्रोल आहे गं काका-काकूंचा, या वयात!"

चौथ्या दिवशी सकाळी दिगंबररावांनी घसा खाकरला. "सुशांत, आम्ही आजच एडिसनला पुतण्याकडे जावं म्हणतो. तुम्हाला उगाच अडचण."

"नो प्रॉब्लेम काका. मीटिंगच्या आधी ड्रॉप करतो."

दिगंबरराव बघतच राहिले. लतिका उठून वर गेली. मी मागोमाग गेले, तर ती पलंगावर बसून शेवटची चकली खात होती.

"तुझ्यासाठीच आणल्या होत्या गं सरे. डबा आम्हीच संपवला. काय करणार, रात्री भुकेने झोप येईना." तिने रिकाम्या डब्याला झाकण लावलं. "तुझ्या घरात पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारत नाहीत का? आम्ही नकोसे झालो असलो तर तसं सांग."

एवढा समुद्र ओलांडून ती माझ्यासाठी आली होती आणि हा गैरसमज घेऊन निघाली होती. पुन्हा कशाला येईल?

मी तरातरा खाली आले. "सुशांत, बॅगा गाडीत ठेवू नकोस. ते कुठेही जात नाहीत."

"पण आई, काका स्वतःच म्हणाले!"

"पाहुणा कधी स्वतःहून खरं बोलतो का? 'छे, असं कसं जाता' म्हणायला तुझी जीभ झिजली असती?"

"मग सरळ सांगायचं ना त्यांनी," शैलजा म्हणाली.

नात अनिका सीरियल खाता खाता म्हणाली, "आजी, नो मीन्स नो."

"ते तुझ्या शाळेत, बाळ. आमच्यात पहिलं 'नको' लाजेचं आणि दुसरं रीतीचं. तिसरं आलं तर मग विचार करायचा."

मी मोठं पातेलं काढलं, आलं ठेचलं. शैलजाकडे बघितलंच नाही.

"वहिनी, नको हो, उशीर होईल," दिगंबरराव म्हणाले.

"बसा."

"नको, खरंच..."

"बसा म्हणते ना!"

बसले. पहिला कप एका दमात संपला, दुसरा मी न विचारताच भरला. शैलजाने गुपचूप श्रीखंडाचा डबा बाहेर काढला. लतिकाही एव्हाना खाली आली होती.

सुशांत बॅग घेऊन जिन्याशी उभा होता. "काका, मग ही वर नेऊ?"

"नको रे, कशाला तुला त्रास!"

सुशांतने बॅग दाराकडे वळवली. लतिकाचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं नाही. मग तो चाचरत म्हणाला, "त्रास कसला काका? नेतोच वर."

"बघ बुवा," दिगंबरराव म्हणाले, "तू एवढा आग्रहच करतोयस तर..."

त्यांचं वाक्य संपायच्या आत लतिकाने दुसरी बॅगही त्याच्या हातात दिली.