आवाज अडवणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. नागपुरातल्या एका कॉलेजात पक्ष्यांची प्रयोगशाळा आहे, तिथं खिडकीखाली पडून असते. सुतारानं मला दुहेरी प्लायवूडची केली, मध्ये फोम ठासला, आत एक दिवा आणि हवेसाठी लहानसा पंखा बसवला. दार लावलं की बाहेर ढोल बडवला तरी आत काही पोचू नये, हेच माझं काम. ते मी चोख केलं. येणारेजाणारे माझी वाहवा करत आणि मीही हुरळून जाई. कौतुक कशाचं चाललं आहे, हे तेव्हा मला कुठं कळत होतं!

प्रयोगशाळेत फिंच नावाचे, चिमणीहून लहान पक्षी पाळलेले होते. त्यांच्यात नर गातो, आणि पिल्लू ते गाणं बापाकडून ऐकून शिकतं. तिथं संशोधन करणाऱ्या हिमानी मॅडमना पाहायचं होतं, की पिल्लाला ऐकायलाच मिळालं नाही तर त्याच्या मेंदूत काय घडतं. म्हणून एक नर पिल्लू, आपले दाणे आपण टिपायला लागल्याबरोबर, माझ्या पोटात आलं.

त्याला दाणापाणी द्यायला कौशल्यामावशी होत्या. त्या रोज कोराडीहून बसनं येत. पिल्लाजवळ तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती. मावशींच्या अगदी जिवावर येई. मुक्यानं कोणापुढं अन्न ठेवू नये, असं त्यांच्या घरी मानतात. पण नियम तो नियम. त्या नुसते ओठ हलवत, राळ्याच्या बारीक दाण्यांची वाटी ठेवत आणि दार लावून घेत. पिल्लू कितीतरी वेळ दाराकडे पाहत राही. मला फार वाईट वाटे, पण पेटीनं करावं तरी काय?

पिल्लू वाढलं, त्याची चोच लाल झाली आणि ते गळा फुगवून गाऊ लागलं. गाणं कसलं, खरखर ती! मग हिमानीनं त्याला बाहेर काढलं आणि बापाच्या पिंजऱ्याशेजारी ठेवलं. आठवड्यांमागून आठवडे गेले. बाप गाई, लेक मान तिरपी करून ऐके, आणि पुन्हा आपली तीच खरखर.

शेवटी मावशींना राहवेना. "आता तर बाप बाजूलेच हाय. मंग काहून शिकत नाही हा?"

हिमानी म्हणाली, "मावशी, कान ठीक आहेत त्याचे. पण खरं ऐकतो तो मेंदू." आणि तिनं समजावून सांगितलं. कानातला आवाज एकेक टप्पा ओलांडत मेंदूच्या पुढच्या भागात पोचतो. तिथं ऐकण्याची एक जागा असते, गाण्याची दुसरी, आणि दोन्हींमध्ये बारीक धाग्यांची जुळणी व्हायची असते. लहानपणी आवाज येत राहिला तर ती पक्की होते. नाही आला तर मेंदू थोडी जास्त वाट पाहतो, पण जन्मभर पाहत नाही.

मावशी हातातलं काम टाकून जवळ आल्या. "मॅडम, माही सोनिका अडीच वर्साची झाली. मांगून थाळी वाजवली तरी पाहत नाही ते."

सोनिका म्हणजे त्यांची नात. अजून एक शब्द बोलत नव्हती. पण पोरगी हसरी, तोंडाकडे पाहून सगळं ओळखायची, म्हणून घरी कोणी मनावर घेतलं नव्हतं. तिचा बाप, म्हणजे मावशींचा लेक दुर्गेश, तर छातीठोक सांगे, की मीसुद्धा चार वर्षांचा होईस्तोवर बोललो नव्हतो. हिमानी म्हणाली, पाखरावरून माणसाचं सांगता येत नाही, पण ही मुदत आपल्या लेकरांनाही असते. उद्याच कान तपासा.

दुर्गेश ऐकेना. पोरीच्या नावाला खोट लागेल, पुढं लग्न कसं होईल, हा त्याचा घोर. आई एवढं बोलली तरी तो हलला नाही. तेव्हा मावशी त्याला, वीज केंद्रातली ड्यूटी संपवून तो आला तसाच, प्रयोगशाळेत घेऊन आल्या. दोन पिंजऱ्यांसमोर उभं केलं.

"पाह्य गा. हा बाप आन् हा लेक. इतक्या जवळ हायेत, पन लेकापाशी बापाचं गानं नाही. आपण वाट पाहून राहिलो, सोनिकाची वेळ थोडीच थांबून राहिली?"

बाप गायला. लेक खरखरला. मग दुर्गेशनं हळूच हिमानीला विचारलं, की कोणत्या दवाखान्यात न्यायचं.

तपासणीत कळलं, दोन्ही कानांतून जवळजवळ काहीच आत जात नव्हतं. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवावं लागलं; त्याचा एक भाग कानामागं बाहेरून लावायचा असतो. उशीर झाला, पण वेळ गेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र सुरू झालं त्या दिवशी सोनिका घाबरून किंचाळली आणि तिनं तो बाहेरचा भाग ओढून काढला. तो पुन्हा लावला, आणि तेव्हापासून मावशी भाजी निवडताना, कणीक मळताना तिच्याशी अखंड बोलतात.

त्याच सुमारास पाखराची पाळी आली. प्रयोगासाठी त्याचा मेंदू हवा होता. मावशी एवढंच म्हणाल्या, "उपाशी नका नेऊ त्याले." त्यांनी वाटी पुढं केली आणि पहिल्यांदाच त्याच्याशी मोठ्यानं बोलल्या, "खा रे बापू, पोटभर खा." पुढं हिमानीनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर धागे विरळ, कुठं कुठं तर जुळलेलेच नाहीत. तिनं माझ्यात दुसरं पिल्लू ठेवलं नाही. आता माझ्यात रद्दी असते. कोणी ढुंकून पाहत नाही, आणि तेच बरं.

परवा मावशी आल्या त्या धापा टाकतच. आदल्या दिवशी दुर्गेशनं घरी येताना दारातूनच सोनिकाला हाक मारली होती.

"वळली, मॅडम. पाठमोरी खेळून राहिली होती, तरी वळली."

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारीपाजारी एखादं सहा महिन्यांवरचं लहान लेकरू असेल, तर त्याच्या पाठीमागून हाक मारून बघा. वळलं नाही, तर 'बोलेल उशिरा' म्हणत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि एरवीही त्याच्याशी खूप बोला, गा, हाका मारा. आवाज अडवायचं काम मी जन्मभर केलं. तुमचं घर माझ्यासारखं होऊ देऊ नका.