अकरावा फटका

धायरीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अमावास्येच्या दुपारी तीनशे माणसं कोंबली होती. मधोमध तनुजा धाडकन कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय फरशीवर आपटतायत.

"आली! म्हातारी आली!" वैजनाथबाबाने आसूड उचलला. "हिची मेलेली सासू हाय. सुनेला खायला आली. माझ्या अकराव्या फटक्याला पळती का नाय, बघा!"

पहिल्या फटक्याला ब्लाउज फाटला, दुसऱ्याला रक्त आलं. लोक हात जोडून मोजत होते.

मी तनुजाची शेजारीण, ती मला मावशी म्हणते. तिच्या मेंदूतली गाठ डॉक्टरांनी काढली होती, जेवढी काढता आली तेवढी. पण फिटच्या गोळ्या चालू होत्या आणि चार महिन्यांत एकही झटका आला नव्हता. मग तिचा नवरा साईनाथ या बाबाच्या नादी लागला. बाबाचं फर्मान, "गोळ्यांनी भूत आत कोंडून राहतं. त्या माझ्या पायाशी ठेवा." हे मला त्याच दिवशी सकाळी कळलं, म्हणून मी मागोमाग आले होते.

"साईनाथ, मारतोय तो तिला!"

"तिला लागत नाही, मावशी. म्हातारीला लागतंय."

"मग रक्त कुणाचं आहे रे?"

चौथा फटका पडला आणि मी मध्ये घुसले. पाचवा माझ्या मनगटावर बसला, कातडी सोलली गेली. एका चेल्याने माझा अंबाडा धरून ओढलं, दुसऱ्याने गुडघ्यावर लाथ घातली. मी तनुजावर आडवी पडले, तिला कुशीवर वळवलं आणि ओरडले, "आता कुणी हात लावू नका. नुसतं बघा!"

हळूहळू तिचे हात सैल झाले. पाय थांबले. ती घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली.

"हिला चारच बसले, बाबा. उरलेले सात कुणी मारले?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हातारी तुझ्यात शिरली!" बाबा किंचाळला.

"शिरू दे. तिला निदान मोजता तरी येतं."

साईनाथ कधी उठला कळलंच नाही. त्याने बाबाच्या गादीखालची पत्र्याची पेटी ओढून उलटी केली. साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा खच पडला. बाबाची युक्ती एवढीच होती. गोळ्या बंद केल्या की झटका येतो. तो दोन मिनिटांत आपला आपणच थांबतो. आणि अकरा फटके सावकाश मारले, तर तेवढाच वेळ लागतो.

मग लोक उलटले. बाबाचाच आसूड त्याच्या पाठीवर पडला. तोही मलाच थांबवावा लागला. "पोलीस नेतील त्याला. मारायची चटक लागलीय का तुम्हाला?"

हॉस्पिटलमध्ये तनुजाच्या पाठीला टाके घातले. साईनाथने डॉक्टर मैत्रींना विचारलं, "मग हिच्यात आहे तरी काय?"

"ग्लुटामेट," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या पेशी या रसायनातून एकमेकींशी बोलतात. बोलणं झालं की मदतनीस पेशी ते उचलून घेतात. गाठीच्या पेशी मात्र स्वतःला जगवायचा कच्चा माल आत ओढतात आणि बदल्यात ग्लुटामेट बाहेर ओततात. शेजारच्या पेशी भडकतात, तोच झटका. फार भडकल्या की मरतात, आणि त्या जागेत गाठ पसरते."

"म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो?"

"रसायन त्यातलंच, पण हे खाण्यातून आलेलं नाही. गाठच ते ओतते."

साईनाथ मग म्हणाला, "म्हणजे आईने काही केलं नाही."

"नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना सोडा आता." तो तिथेच भिंतीला टेकून रडला.

खोटं सांगणार नाही, तनुजाची गाठ गेलेली नाही. किती दिवस आहेत, डॉक्टरही सांगत नाहीत. पण गोळ्या पुन्हा सुरू आहेत, आणि ती पोळ्या लाटताना माझ्याशी भांडते.

तुमच्या घरी कुणाला झटका आला, तर त्याला कुशीवर वळवा. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचाही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, तर ॲम्ब्युलन्स बोलवा. गोळ्या कुणाच्याही पायाशी ठेवू नका. आजारी माणसाला आधीच खूप सोसावं लागतं. त्यात आपल्या हातचा मार तरी नसावा.