काळी झाली की कळवा

आटपाडीच्या आप्पासोनं जन्मभर मेंढरं राखली. दवाखान्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण मेंढरू आजारी की धड, हे तो नुसत्या लेंडीवरून सांगायचा. लेंडी हिरवी, पातळ झाली की आप्पासो रातभर त्या मेंढरापाशी बसायचा. काळी पडली की जनावर वाचलं.

त्याचा पोरगा सूरज रक्ताची उलटी करून सांगलीच्या दवाखान्यात गेला. लिव्हर खराब, त्यामुळं जठरातली शीर फुगून फुटलेली. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊ आणि फुगलेली शीर आतूनच बुजवू. पोट फाडायचं नाही." रक्त थांबलं होतं, म्हणून तोवर घरी सोडलं.

निघताना डॉक्टरांनी घाईत बजावलं, "संडासला काळी झाली की लगेच कळवा." सून अपेक्षा तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. ऐकायला एकटा आप्पासोच. घरी आल्यावर त्यानं सूरजला रोज बघून सांगायला लावलं.

शुक्रवारी सूरज परसाकडून आला. "आप्पा, आज काळी झाली."

आप्पासोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "झ्याक झालं, गड्या. पोट सुधारलं." चांगली बातमी फोनवर कशाला, समोर जाऊन तोंडानं सांगावी, म्हणून त्यानं ती जपून ठेवली. सूरज पांढरा पडत चालला, दोन पावलांत धापा टाकू लागला. तो अशक्तपणा समजून आप्पासो त्याला दूध पाजत राहिला.

सोमवारी स्ट्रेचरवरच्या सूरजकडे डॉक्टर बघतच राहिले. आप्पासो हसून म्हणाला, "सायेब, काळी झाली की. शुक्रवारपासनं."

"आणि आज सांगताय? ते रक्त होतं, बाबा. शीर गळतेय. पोटात सांडलेलं रक्त काळं होऊन पडतं." डॉक्टर आत पळाले. जाताना म्हणाले, "नळी घालतो. पण अंगात रक्तच उरलेलं नाही."

आप्पासो स्ट्रेचरमागं चालू लागला. कळपच्या कळप जगवलेला माणूस, आणि पोटच्या पोराला मेंढरू समजून बसला. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं.

दाराशी सूरजनं त्याचा हात धरला. "आप्पा, सांगितलं न्हवं सायबास्नी?"

"सांगितलं, लेका."

"काय म्हणलं?"

आप्पासोनं शेजारी उभ्या अपेक्षाकडं बघितलं नाही. "बरं हाय म्हणलं. चांगलं लक्षण हाय."

सूरज हसला. दार लागलं. नळी शिरेपर्यंत पोचली तेव्हा शिरेत वाहायला काही राहिलं नव्हतं. लेक बापावर विश्वास ठेवून गेला, आणि आप्पासोला तेच सोसवेना.